मैदानातून न्यायासनाकडे

अमेरिकेत 'फुटबॉल' या नावाने जो खेळ खेळला जातो, तो आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी निराळा आहे. आपल्या फुटबॉलमध्ये चेंडू पायाने मारावयाचा असतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो बहुतेक वेळ खेळाडूंच्या हातातच असतो. हा चेंडू वाटोळा नसून लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो. मैदानाच्या दोन सीमारेषांमधील अंतर १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर असते. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात उतरतात. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या सीमारेषेपलीकडे जावयाचे, हे चढाई करणाऱ्या संघाचे उद्दिष्ट. ते साधले की त्याला ६ गुण मिळतात. परंतु ही वाट सोपी नसते. १० यार्ड पुढे सरकण्यासाठी संघाला केवळ चार संधी मिळतात. चार संधींत तेवढे अंतर कापता आले नाही, तर चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो.

प्रत्येक संधीच्या आरंभी दोन्ही संघांतील धिप्पाड खेळाडू समोरासमोर ओणवे होऊन उभे राहतात. त्यांच्यामध्ये चेंडूच्या लांबीएवढेच अंतर असते. चढाई करणाऱ्या संघाचा सूत्रधार आपल्या फळीमागे उभा असतो. त्याला 'क्वार्टरबॅक' म्हणतात. चेंडू त्याच्या हाती पडताच दोन्ही फळ्या एकमेकींवर आदळतात. एका फळीने सूत्रधाराचे रक्षण करावयाचे आणि दुसरीने ते कडे फोडून त्याला चेंडू फेकण्यापूर्वीच जमिनीवर लोळवावयाचे, असा हा झगडा असतो. तो काही क्षणांतच संपतो आणि पुन्हा नव्याने सुरू होतो. हुतूतूत चढाईला आलेल्या गड्याला पकडताना जशी ताकदीबरोबर चपळाई लागते, तशीच ती येथेही लागते. मात्र बचावाच्या फळीतील खेळाडूच्या वाट्याला कौतुक थोडेच येते. प्रेक्षकांचे डोळे चेंडूमागे धावत असतात आणि चेंडू तर बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हातात असतो.

अशा या बचावाच्या फळीत एक तरुण खेळाडू उभा राहिला आणि साऱ्या देशाला त्याच्याकडे पाहावे लागले. पुढे तोच खेळाडू न्यायासनावर बसला. त्याचे नाव अ‍ॅलन पेज.

अ‍ॅलनचा जन्म ७ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन या गावी झाला. चार भावंडांत तो सर्वांत धाकटा. कँटन हे पोलादाच्या कारखान्यांचे गाव होते. शाळा संपली की कारखान्यात जावयाचे आणि आयुष्यभर तेथेच राबावयाचे, हा तेथील पुष्कळ मुलांचा ठरलेला मार्ग होता. ते काम कष्टाचे, धोक्याचे आणि रोज तेच तेच असे. आपण त्या वाटेने जावयाचे नाही, असे अ‍ॅलनने लहानपणीच मनाशी ठरवले होते. मुलांनी शिकले पाहिजे, हा आईवडिलांचा आग्रह होता. अ‍ॅलन १३ वर्षांचा असताना त्याची आई वारली. पण तिने लावलेली शिक्षणाची ओढ कायम राहिली.

अ‍ॅलन कृष्णवर्णीय होता. त्या काळी अमेरिकेतील अनेक राज्यांत कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या मुलांच्या शाळेत प्रवेश नसे. त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा असत आणि त्या बहुधा हलाखीच्या स्थितीत असत. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी शाळांत वर्णावरून मुलांना वेगळे ठेवणे हे राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. त्या वेळी अ‍ॅलन आठ वर्षांचा होता. या निकालाची हकीकत त्याच्या वाचनात आली. काही माणसे एका दालनात बसतात, दोन्ही बाजू ऐकून घेतात, कायद्याचा अर्थ लावतात आणि त्यामुळे लाखो मुलांच्या आयुष्यात फरक पडतो, ही गोष्ट त्याच्या मनात खोल रुजली. आपण वकील व्हावयाचे, असे त्याला वाटू लागले. फुटबॉल तर अद्याप त्याच्या आयुष्यात आलाही नव्हता.

शाळेत असताना तो या खेळाकडे वळला. उंच बांधा आणि विलक्षण चपळाई यांमुळे थोड्याच काळात तो नावारूपाला आला. त्याच सुमारास कँटन गावात एक मोठी वास्तू उभी राहत होती. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघांची संघटना १९२० मध्ये याच गावी स्थापन झाली होती. म्हणून या खेळातील थोर खेळाडूंचे स्मारकमंदिर येथे बांधावयाचे ठरले. 'हॉल ऑफ फेम' या नावाने ते ओळखले जाते आणि १९६३ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. त्याच्या बांधकामावर जे मजूर राबत होते, त्यांत अ‍ॅलन पेज हा शाळकरी मुलगाही होता. पुढे केव्हा तरी या मंदिरात आपली मूर्ती बसेल, याची त्याला कल्पनाही नव्हती.

शालेय शिक्षण पुरे झाल्यावर अ‍ॅलन नोत्र दाम विद्यापीठात दाखल झाला. तेथे तो बचावाच्या फळीच्या टोकाला खेळत असे. १९६६ च्या हंगामात नोत्र दामचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. त्या वर्षी या संघाने दहा सामन्यांत ३६२ गुण मिळवले आणि प्रतिपक्षांना सर्व मिळून केवळ ३८ गुण मिळू दिले. एवढ्या भक्कम बचावात अ‍ॅलनचा वाटा मोठा होता. १९६७ मध्ये राज्यशास्त्र हा विषय घेऊन तो पदवीधर झाला.

अमेरिकेत विद्यापीठातील उत्तम खेळाडूंची व्यावसायिक संघ दरवर्षी क्रमाने निवड करतात. १९६७ च्या निवडीत अ‍ॅलनचा क्रमांक पंधरावा लागला. 'मिनेसोटा व्हायकिंग्ज' या संघाने त्याला आपल्याकडे घेतले. येथे त्याची जागा बदलली. फळीच्या टोकाऐवजी त्याला मध्यभागी उभे करण्यात आले. मध्यभागी दाटी अधिक आणि समोरचे खेळाडूही वजनाने अधिक. बहुधा तेथे अंगाने फार जड खेळाडू ठेवण्याचा प्रघात होता. पेज त्यांच्या मानाने हलके होते. परंतु चेंडू हलताच ते इतक्या झटकन पुढे झेपावत, की समोरचा खेळाडू सावरण्यापूर्वीच ते त्याला ओलांडून गेलेले असत. आपल्या उणिवेचेच त्यांनी बळ केले.

व्हायकिंग्जचे मैदान उघड्यावर होते आणि मिनेसोटातील हिवाळा अतिशय कडक असतो. तशा थंडीतही संघाचे प्रशिक्षक बड ग्रँट मैदानाच्या कडेला शेगडी ठेवू देत नसत. थंडीचा विचार मनात आणावयाचाच नाही, अशी त्यांची शिस्त होती. या संघाच्या बचावफळीत पेज यांच्या जोडीला कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सेन हे तिघे होते. संघाचा गणवेश जांभळा होता. त्यामुळे लोकांनी गमतीने या चौघांना 'जांभळे नरभक्षक' असे नाव दिले. "क्वार्टरबॅकपाशी भेटू" हे त्यांचे ब्रीद होते. चौघांनी चार दिशांनी निघावयाचे आणि प्रतिपक्षाच्या सूत्रधारापाशी एकत्र यावयाचे! १९६९ च्या हंगामात व्हायकिंग्जने १४ सामन्यांत प्रतिपक्षांना केवळ १३३ गुण मिळू दिले. इतके कमी गुण त्या वर्षी दुसऱ्या कोणत्याही संघाने दिले नव्हते.

१९७१ साली पेज यांच्या खेळाला बहर आला. त्या वेळी ते २६ वर्षांचे होते. दरवर्षी राष्ट्रीय फुटबॉल लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूला एक मानाचा पुरस्कार दिला जातो. तोपर्यंत तो चढाईच्या बाजूने खेळणाऱ्यांनाच मिळत आला होता. १९७१ मध्ये तो पेज यांना मिळाला. केवळ बचाव करणाऱ्या खेळाडूला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. यानंतर पंधरा वर्षांनी, १९८६ मध्ये, लॉरेन्स टेलर या दुसऱ्या बचावपटूला तो मिळाला. १९६८ ते १९७६ अशी सलग नऊ वर्षे पेज यांची देशातील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली. प्रतिपक्षाने पायाने उडवलेला चेंडू त्यांनी २८ वेळा अडवला.

मात्र सर्वोच्च विजय त्यांच्या वाट्याला आला नाही. हंगामाच्या शेवटी होणाऱ्या अजिंक्यपदाच्या सामन्याला 'सुपर बाउल' म्हणतात. जानेवारी १९७०, जानेवारी १९७४, जानेवारी १९७५ आणि जानेवारी १९७७ अशा चार वेळा व्हायकिंग्ज या सामन्यापर्यंत पोहोचले आणि चारही वेळा पराभूत झाले. एवढ्या मोठ्या पराभवांनी एखादा खेळाडू आयुष्यभर झुरत राहिला असता. पेज यांचे लक्ष मात्र केवळ या एका गोष्टीवर खिळलेले नव्हते.

त्यांच्या खेळाच्या आरंभीच्या काळातील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. प्रत्येक संघाजवळ डावपेचांची एक वही असते. कोणत्या चालीला कोणी कोठे उभे राहावे, कोणी कोणाला अडवावे, हे तीत लिहिलेले असते. एकदा बैठकीत बचावफळीतील खेळाडूंना ती वही आळीपाळीने मोठ्याने वाचावयास सांगण्यात आले. कोणी सहज वाचले, कोणी अडखळत वाचले आणि काहींना तर ते वाचताच येईना. हे सगळे तरुण विद्यापीठांत राहून आलेले होते! पेज हे पाहून अस्वस्थ झाले. या मुलांच्या अंगी बळ आहे, हे शाळेने ओळखले होते. पण त्यांना वाचता येत नाही, याची कोणी वास्तपुस्त केली नव्हती. सामने जिंकून देत होते तोवर त्यांना वरच्या वर्गात ढकलण्यात आले होते.

यात केवढा धोका होता, याचा विचार करा. फुटबॉलसारख्या खेळात शरीर फार काळ साथ देत नाही. पुष्कळ खेळाडू ऐन तारुण्यातच मैदान सोडतात. गुडघा दुखावला, वेग मंदावला, की संघ दुसरा खेळाडू शोधतो. त्यानंतरचे सारे आयुष्य बाकी असते आणि तेथे खांद्यातील बळ कामी येत नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याला आपण कोणत्या करारावर सही करीत आहोत, हेसुद्धा समजत नाही. हा प्रसंग पेज कधीही विसरले नाहीत.

त्यांनी स्वतःच्या शिक्षणाकडेही पुन्हा लक्ष वळवले. प्रारंभी एकदा रात्रीच्या विधिमहाविद्यालयात त्यांनी नाव घातले होते. पण तीनच आठवड्यांत ते सोडून दिले. त्या वेळी अभ्यास जमला नाही, म्हणून त्यांनी तो विचार मात्र सोडला नाही. दरम्यान ते खेळाडूंच्या संघटनेत काम करू लागले. खेळाडूंना न्याय्य अटी मिळाव्यात, आपला संघ निवडण्याचे स्वातंत्र्य असावे, यासाठी ही संघटना झगडत होती. त्या वाटाघाटींत कायदा किती उपयोगी पडतो, हे त्यांना जवळून दिसले. १९७५ मध्ये ते मिनेसोटा विद्यापीठाच्या विधिमहाविद्यालयात दाखल झाले. खेळ चालू ठेवूनच त्यांनी हा अभ्यास केला आणि १९७८ मध्ये कायद्याची पदवी मिळवली.

याच काळात त्यांच्या पत्नी डायेन धूम्रपानाची सवय सोडण्यासाठी धावण्याचा व्यायाम करू लागल्या. त्यांच्याबरोबर पेज यांनाही लांब अंतर धावण्याची गोडी लागली. त्यामुळे त्यांचे वजन उतरून २२५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे १०२ किलोग्रॅमच्या आसपास आले. फळीच्या मध्यभागी खेळणाऱ्याला एवढे वजन पुरेसे नाही, असे व्हायकिंग्जच्या प्रशिक्षकांचे मत पडले. १९७८ च्या हंगामाच्या मध्यावरच संघाने त्यांना मोकळे केले. अकरा वर्षांहून अधिक काळ ज्या संघासाठी झुंज दिली, त्याच संघाने असा निरोप दिला. परंतु 'शिकागो बेअर्स' या संघाने त्यांना लगेच घेतले आणि तेथे ते १९८१ पर्यंत खेळले. १९७९ मध्ये त्यांनी ४२ किलोमीटरांहून अधिक अंतराची मॅरेथॉन शर्यत पुरी केली. व्यावसायिक फुटबॉल खेळत असताना मॅरेथॉन पुरी करणारे ते पहिले खेळाडू होत. पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत ते व्हायकिंग्जकडून १६० आणि बेअर्सकडून ५८, असे एकूण २१८ साखळी सामने खेळले. यांपैकी एकही सामना त्यांनी चुकवला नाही.

खेळ संपला त्या वेळी पेज ३६ वर्षांचे होते आणि त्यांच्यापुढे दुसरा मार्ग तयार होता. १९७९ पासूनच त्यांनी वकिली सुरू केली होती. १९८५ मध्ये ते मिनेसोटा राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात रुजू झाले. तेथे त्यांनी अनेक वर्षे काम केले.

अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते. मिनेसोटात त्याच्या न्यायमूर्तींची निवडणूक होते आणि लोक मतदान करतात. १९९२ मध्ये पेज यांनी अशी निवडणूक लढवण्याचे ठरवले. परंतु त्या वेळी एका विद्यमान न्यायमूर्तींची मुदत राज्यपालांनी वाढवली. त्यामुळे निवडणूकच होणार नाही, अशी स्थिती निर्माण झाली. पेज यांनी हा प्रश्न न्यायालयात नेला. दावा सर्वोच्च न्यायालयातील जागेविषयीच असल्यामुळे त्याच्या सुनावणीसाठी वेगळे न्यायाधीश नेमावे लागले. त्यांनी पेज यांच्या बाजूने निर्णय दिला. निवडणूक झाली आणि पेज विजयी झाले. जानेवारी १९९३ मध्ये त्यांनी न्यायासन स्वीकारले. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती होत. १९९८, २००४ आणि २०१० मध्येही मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. तेथील कायद्याप्रमाणे वयाच्या सत्तराव्या वर्षी न्यायमूर्तींना निवृत्त व्हावे लागते. त्यानुसार २०१५ मध्ये ते निवृत्त झाले.

या साऱ्या काळात डावपेचांच्या वहीचा तो प्रसंग त्यांच्या मनात जागा होता. १९८८ मध्ये कँटनच्या स्मारकमंदिरात त्यांचा समावेश झाला. ज्या वास्तूसाठी त्यांनी मजुरी केली होती, तिच्यातच आता त्यांचा अर्धपुतळा बसला. अशा समारंभात खेळाडूची ओळख करून देण्यासाठी बहुधा जुने प्रशिक्षक किंवा सहकारी खेळाडू येतात. पेज यांनी हा मान मिनिॲपोलिस शहरातील एका शाळेच्या मुख्याध्यापिका विलरीन बीझली यांना दिला. स्वतःच्या भाषणातही ते सामन्यांविषयी फारसे बोलले नाहीत, शिक्षणाविषयी बोलले. ज्यांना वाचता येत नव्हते, त्या आपल्या सहकाऱ्यांची हकीकत त्यांनी तेथे जमलेल्या समुदायाला सांगितली. ज्या दिवशी त्यांच्या बळाचा गौरव होत होता, त्याच दिवशी बळ पुरेसे नाही, हे सांगण्याचे धैर्य त्यांनी दाखवले.

त्याच वर्षी पेज आणि त्यांच्या पत्नी डायेन यांनी एक शिक्षणनिधी स्थापन केला. मिनेसोटातील कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतील तरुणांना उच्च शिक्षणासाठी यातून साहाय्य देण्यात आले. या साहाय्याला एक अट होती. मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याने दरवर्षी काही तास लहान मुलांना शिकवण्यात घालवले पाहिजेत. आपल्यासारखाच दिसणारा, आपल्याच वस्तीतून आलेला एखादा दादा किंवा ताई पुस्तक उघडून शेजारी बसली, तर मुलांना शिक्षण परके वाटत नाही, असा यामागील विचार होता. हजारो विद्यार्थ्यांना या निधीचा लाभ झाला.

फुटबॉलने पेज यांच्या शरीरावर एक खूण ठेवली आहे. एका हाताची करंगळी वारंवार निखळल्यामुळे ती जवळजवळ काटकोनात बाहेर वळली आहे. मुलांना तिचे फार नवल वाटते. २०१३ मध्ये आपल्या कन्येसह पेज यांनी या वाकड्या करंगळीवरच मुलांसाठी एक गमतीदार पुस्तक लिहिले.

२०१८ मध्ये पेज यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. अमेरिकेतील नागरिकाला मिळणारा हा अत्युच्च सन्मान होय. पण त्यापूर्वी एक वर्ष त्यांना एक निराळा मान मिळाला होता आणि तो देण्यात मुलांचा पुढाकार होता. मिनिॲपोलिस येथील एका माध्यमिक शाळेला एका जुन्या राज्यपालाचे नाव होते. या राज्यपालाने १८६२ मध्ये तेथील मूळ रहिवासी असलेल्या डकोटा लोकांना राज्यातून नष्ट करावे किंवा हाकलून द्यावे, असे म्हटले होते. शाळेतील विद्यार्थ्यांनी हा इतिहास अभ्यासला आणि आपल्या शाळेचे नाव बदलावे, अशी मागणी केली. बदललेले नाव २०१७ मध्ये शाळेला देण्यात आले. ते आहे, 'जस्टिस पेज माध्यमिक शाळा'. 'जस्टिस' या शब्दाचा एक अर्थ न्यायमूर्ती आणि दुसरा अर्थ न्याय. ती मुले तुमच्याच वयाची होती. त्यांच्यापैकी बहुतेकांचा जन्म पेज यांनी फुटबॉल सोडल्यावर वीस वर्षांनी किंवा त्याहूनही नंतर झाला होता. त्यांनी पेज यांचा एकही सामना प्रत्यक्ष पाहिला नव्हता.